करार मोडला

११ जानेवारी

आज सह्या झाल्या. साठेखत झालं. इसार दिला. एप्रिलमध्ये एक हप्ता, सहा महिन्यांत उरलेली रक्कम, मग पक्कं खरेदीखत, मग किल्ल्या. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने ही जाडजूड वही दिली होती, दोन वर्षं तशीच कोरी पडली होती. म्हटलं, आता लिहिण्यासारखं काहीतरी झालंय.

चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. शेकडो इमारतींतून वरखाली झालो, पण आपलं घर म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते एकच. नदीपलीकडच्या त्या बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या. आम्ही तिथे भाड्याने राहायचो. बाबा वेताच्या खुर्च्या विणायचे. मी सहा वर्षांचा असताना आम्हाला ते घर सोडावं लागलं. बाबांनी त्या दोन खोल्या विकत घ्यायचा करार केला होता, इसारही भरला होता, आणि घरमालकाने फसवलं. आई मावशीला सांगत होती ते मी पलंगाखाली लपून ऐकलंय. "करार मोडला," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. बाबा कोर्टाची पायरी चढले नाहीत. स्वभावच नव्हता तो.

आता ते अख्खं घर विकाऊ निघालं आणि जाहिरात माझ्याच डोळ्यांना दिसली, याला काय म्हणायचं!

घर एका निवृत्त शिक्षिकेच्या नावावर आहे. गणित शिकवायच्या. सही करायच्या आधी त्यांनी करारातली सगळी पानं वाचली आणि क्षेत्रफळाची बेरीज चुकलेली दाखवून दिली. मी मनातल्या मनात त्यांना गणिताच्या बाई म्हणतो. नवरा नकाशे काढायचा, आता घरीच असतो म्हणाल्या. दोघं मुलाजवळ फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहेत. घर आतून बघायला मी गेलोच नाही, मला ते पाठ आहे.

ताईला फोन केला. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, तिला तर ते घर माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. "बरं," एवढंच म्हणाली. आनंदाने तोंडातून शब्द फुटत नसणार.

हिला विचारलं, खूश ना? तर म्हणते, "तिथून माझा दवाखाना किती लांब पडेल हो?" ही दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, बावीस वर्षं झाली. म्हटलं, दोन बस. स्वयंपाकघरात निघून गेली. तिला अजून घराची नीट कल्पना आलेली नाही.

१५ जानेवारी

दुपारी आडवा पडलो होतो, एकदम आठवलं. बाबा खुर्ची उलटी न ठेवता सरळच ठेवून विणायचे आणि मी खुर्चीखाली उताणा झोपायचो. वरती रिकामी चौकट. मग एक ओली पट्टी आडवी जायची, मग उभी, मग तिरक्या. हळूहळू छप्पर तयार व्हायचं, आठ कोनांच्या भोकांचं. भोकांतून बाबांची हनुवटी दिसायची. कधीकधी एखादा थेंब नाकावर पडायचा, कारण वेत टाकीत भिजत घातलेला असायचा. टाकी मागच्या अंगणात होती, दगडी.

खोलीतला उजेड डावीकडून यायचा. हे मला नक्की आठवतं.

१९ जून

सकाळी टपालाने पाकीट आलं. आत गणिताच्या बाईंचं चार ओळींचं पत्र. काही कारणाने घर विकता येत नाही, क्षमस्व, सोबत इसाराचा आणि हप्त्याचा मिळून चेक. अक्षर फळ्यावरच्यासारखं, सुबक.

काही कारणाने! माझं कर्ज मंजूर झालंय. तीन आठवडे उरलेत. मी पडद्यांची मापंसुद्धा मनात घेऊन ठेवलीत.

चेक बँकेत टाकला नाही. कपाटात ठेवला. हिचं म्हणणं पडलं, "देतायत परत तर घ्यावेत. दुसरं घर मिळेल." मी ताडकन उठलो. नक्की कुणीतरी जास्त पैसे देऊ केले असणार. त्या घराच्या मालकांची जातच तशी दिसते. तेव्हाही तेच, आजही तेच.

२३ जून

वकीलबाईंकडे गेलो. चाळिशीच्या असतील, बोलताना पेनाचं टोपण काढ-घाल करतात. साठेखत वाचून म्हणाल्या, "काका, दोन वाटा आहेत. एक, इसार परत घ्या, वर नुकसानभरपाई मागा. ते सोपं. दुसरी, कोर्टाला सांगा, मला पैसे नकोत, ठरलं तेच द्या. कोर्ट त्यांना खरेदीखत करून द्यायला लावू शकतं."

"तसं लावता येतं?"

"घराच्या बाबतीत येतं. साखरेचं पोतं ठरलं आणि दिलं नाही, तर बाजारातून दुसरं आणता येतं. घराला दुसरं घर नसतं. प्रत्येक जागा एकुलती एक, असं कायदा धरून चालतो."

मला त्या क्षणी कायद्याबद्दल इतकं प्रेम वाटलं! इतकी वर्षं मी जे मनात म्हणत आलो, ते कुणीतरी आधीच पुस्तकात लिहून ठेवलंय.

दुसरी वाट, म्हणालो.

८ जुलै

दाव्याचा मसुदा झाला. घर दुसऱ्या कुणाला विकू नये म्हणून मनाईचा अर्जही सोबत लावलाय. हेच घर का हवं, याची मी अडीच पानं लिहून नेली होती. खुर्ची, टाकी, डावीकडचा उजेड, सगळं. वकीलबाईंनी वाचलं, मध्ये एकदा चष्मा काढून पुसला, आणि मग सगळ्यावर काट मारली.

"छान लिहिता. पण कोर्टाला आठवणी चालत नाहीत, चतुःसीमा लागतात. पूर्वेला काय, पश्चिमेला काय."

तिथे आता लिहिलंय, वादी आपला भाग पूर्ण करण्यास सदैव तयार व राजी होता व आहे. हे सिद्ध करावं लागतं म्हणे. बँकेची पत्रं, तारखा. मी म्हटलं, माझ्याइतका तयार आणि राजी माणूस तुम्हाला अख्ख्या कोर्टात सापडणार नाही.

घरी येऊन हिला वाचून दाखवलं. ती बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. "तयार व राजी," असं एकदा पुटपुटली आणि पाणी घालत राहिली.

२१ ऑक्टोबर

गणिताच्या बाईंची कैफियत, म्हणजे आमच्या दाव्याला लेखी उत्तर, आली. त्यांच्या वकिलाने खुसपट काढलंय. एप्रिलचा हप्ता मी नऊ दिवस उशिरा दिला, मुदत हा कराराचा गाभा होता, सबब करार मीच मोडला! बँकेने उशीर केला, आणि बाईंनी तो हप्ता एक शब्द न बोलता घेतला होता, पावती आहे. वकीलबाई हसल्या. "हप्ता घेतला म्हणजे उशीर माफ केला. त्यांच्याकडे खरं कारण असतं तर हे लिहिलं नसतं."

मी करार मोडला म्हणे! आमच्या घराण्यात करार मोडणारं कुणी झालेलं नाही.

१६ नोव्हेंबर

आज करायला नको ते केलं. वकीलबाईंनी बजावलं होतं की समोरच्या पार्टीकडे फिरकायचं नाही. पण पाय वळले. म्हटलं, बाहेरून नुसतं बघू.

फाटकाशी उभा होतो तेवढ्यात बाईंनी दार उघडलं. आतून पुरुषी आवाज आला, "कोण आहे गं?"

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वायरिंगवाले आलेत. तपासायला."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, वायरिंग."

आत गेलो. नवरा खिडकीजवळ खुर्चीत बसलेला. उंच, ताठ, इस्त्रीचा सदरा. माझ्याकडे बघून हसला, पण माझ्या कानाच्या थोडं बाजूला. तेव्हा कळलं की त्यांना दिसत नाही. करार झाला तेव्हा थोडंफार दिसत होतं, नंतरच्या काही महिन्यांत उरलंसुरलं गेलं, हे मागाहून बाईंनी सांगितलं.

आता आलोच आहे तर, म्हणून मी खरोखरच बटणं उघडून बघायला लागलो. वायर फार जुनी आहे, दोन ठिकाणी तर वेष्टण हाताला येतंय, तसं बाईंना सांगितलं. नकाशेवाले उठून माझ्याबरोबर फिरू लागले. काठी नाही, काही नाही. "इथून दार नऊ पावलं. उंबरा आहे, जपा. डाव्या हाताला मीटर." मीच दोनदा ठेचकाळलो.

मागच्या बाजूला गेलो. एकच मोठी हवेशीर खोली. मी विचारलं, "इथे दोन खोल्या होत्या ना?"

ते थांबले. "तुम्हाला कसं माहीत?"

"वायरच्या वळणावरून कळतं," मी ठोकून दिलं.

"बरोबर. दोन होत्या. घर घेतलं त्या वर्षी मधली भिंत मीच पाडली. आमच्या आधी इथे कुणी वेतवाले राहायचे. भिंतीत खिळेच खिळे, भारे टांगायला. पाडण्याआधी मी मोजून काढले, सत्तेचाळीस."

सत्तेचाळीस! टाकीचं विचारलं. ती फोडून तिथे सांडपाण्याचा नळ घेतलाय.

मग पुन्हा खिडकीजवळ बसलो. म्हणाले, "हात दाखवा." माझा पंजा दोन्ही हातांनी चाचपला. "वायरिंगवाल्याचे नाहीत हे. जाड दोर धरणाऱ्याचे आहेत."

"लिफ्टचं काम करायचो."

"असं." मग जरा वेळाने, "ही मला सगळं वाचून दाखवते. पेपर, पुस्तकं, औषधांच्या बाटल्या. फक्त काही पाकिटं नाही वाचत. पण कागद बोटांना कळतो हो. जन्मभर कागदावरच काम केलं. कोर्टाचा कागद जाड असतो, वर शिक्क्याचा खळगा." आणि हसले. म्हातारी माणसं बोलता बोलता कुठून कुठे जातात.

बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात, भराभर बोलल्या. "मेमध्ये मुलाच्या फ्लॅटवर तीन आठवडे राहून पाहिलं. एकदा भिंतीवर आपटले, आणि त्यानंतर खुर्चीतून उठलेच नाहीत. जेवायला हात धरून न्यायचं. इथे परत आणलं आणि फाटकातून एकटे चालत आत गेले. घर विकायला काढलं होतं हे त्यांना ठाऊक नाही. खटला तर नाहीच नाही. तुम्ही हे तुमच्या वकिलांना सांगू नका. त्यांच्या डोळ्यांचं प्रदर्शन मी कोर्टात मांडणार नाही."

"मग मला का सांगितलंत?"

"तुम्ही बटणं नीट परत बसवलीत म्हणून," म्हणाल्या आणि आत गेल्या.

१७ नोव्हेंबर

काल झोप नीट लागली नाही. डोळे गेले हे वाईटच. माणुसकी मलाही आहे. पण करार म्हणजे करार. बाबांना कुणी विचारलं होतं का, की तुम्हाला काय अडचण आहे? लहान पोरं घेऊन निघालेच ना ते? बाईंनी सही करायच्या आधी विचार करायला हवा होता.

भिंत परत बांधता येईल. हलक्या विटांची बांधली तर फार खर्च नाही. ही म्हणाली, "मोकळी खोली आहे म्हणता, मग भिंत घालून काय करणार?" तिला सांगून समजणार नाही.

म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही एवढं मात्र बरं. वकीलबाईंना मी सांगितलेलं नाही. शब्द दिला नव्हता, तरी.

४ मार्च

नवं वर्ष लागून दोन महिने झाले, तारखांवर तारखा. आज माझी उलटतपासणी झाली. त्यांच्या वकिलाने नऊ दिवसांवरून मला अर्धा तास पिळलं. मी डगमगलो नाही. चौतीस वर्षं लोकांनी अडकलेल्या लिफ्टमधून माझ्यावर आरडाओरडा केलाय, हा वकील काय!

१८ मार्च

गणिताच्या बाई साक्षीला उभ्या राहिल्या. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, घर का विकायचं नाही? "विकायचं नाही म्हणून." जास्त भाव मिळत होता का? "नाही." करार वाचून सही केली होती ना? "बेरीज दुरुस्त करून केली होती." लोक हसले.

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं. सौम्यपणे. "बाई, घर द्यावं लागलं तर तुम्हाला काही विशेष अडचण, काही त्रास होणार आहे का? असेल तर सांगा, कोर्ट विचारात घेऊ शकतं."

बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत असतं आणि तो हात वर करत नाही, तेव्हा शिक्षक बघतात तसं.

"नाही," त्या म्हणाल्या. "अडचण काही नाही."

वकीलबाईंनी बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारली. "काका, जिंकलो समजा." मी मात्र चहालाही न थांबता घरी आलो. उन्हाने दमलो असणार.

२७ ऑगस्ट

निकाल लागला. दावा मंजूर. मी तीन महिन्यांत उरलेली रक्कम कोर्टात भरायची, बाईंनी खरेदीखत करून द्यायचं. न दिल्यास कोर्टाचा अधिकारी त्यांच्या वतीने सही करेल.

मी बाबांचा फोटो काढून टेबलावर ठेवला. कुणीतरी करार पुरा करून घेतला, बाबा, एवढंच म्हटलं. हिने माझ्यासाठी दुकानातून गोड आणलं, स्वतः खाल्लं नाही. दवाखान्यात तिच्या जागी एक मुलगी शिकायला घेतलीय म्हणाली. "तिला सगळं दाखवून ठेवते." आवाज बसलेला होता. सर्दी असेल.

ताईला कळवलं. खरेदीखताच्या दिवशी तू माझ्याशेजारी हवीस म्हटलं. "बघते." सांधे दुखतात तिचे.

१४ सप्टेंबर

वरच्या कोर्टात बाई जाणार नाहीत, असं त्यांच्या वकिलाने कळवलं. वकीलबाई खूश आहेत.

आज टपालाने त्याच सुबक अक्षरातलं पत्र आलं. दोन पानं. रागाचं असेल म्हणून घाबरत उघडलं. तर घराची माहिती! स्वयंपाकघरातला नळ उलट बाजूला फिरतो. मागच्या दाराची कडी पावसात फुगते, तेव्हा दार आधी वर उचलावं आणि मग ओढावं. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर पश्चिमेची खिडकी लावून घ्यावी. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडतं, वर दगड ठेवावा. शेवटी, "वायरिंगचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. राहायला येण्याआधी बदलून घ्या, तुमच्या मिसेसना शॉक बसायला नको."

पत्र दोनदा वाचलं. नवऱ्याला कुठे नेणार, याबद्दल एक अक्षर नाही.

पत्र या वहीत घालून ठेवलं.

२० सप्टेंबर

ताई आली. न कळवता, दोन बस बदलून. काठी टेकत जिना चढली. आमची लिफ्ट आठवडाभर बंद आहे. मी या घरात राहत असून बंद आहे, यावर एरवी ती तासभर हसली असती. आज हसली नाही. हिला म्हणाली, "वहिनी, तूही बस."

"मी खरेदीखताला येणार नाही," म्हणाली.

"का?"

"तू ज्यासाठी हे सगळं करतोयस ते खरं नाही. घरमालकाने फसवलं नव्हतं. करार बाबांनी मोडला."

मला वाटलं, वयामुळे ताईचा गोंधळ होतोय. म्हटलं, "मी स्वतः ऐकलंय. आई म्हणाली, करार मोडला."

"कुणी, ते म्हणाली का?"

मी आठवून पाहिलं. नव्हती म्हणाली.

"प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या तेव्हा. वेताचं काम निम्म्यावर आलं, मग निम्म्याच्याही निम्म्यावर. तीन वेळा बाबांनी मुदत वाढवून घेतली, मालकांनी तिन्ही वेळा दिली. चौथ्यांदा बाबा मला घेऊन नदीअलीकडे मालकांच्या घरी गेले. एकट्याने जायची लाज वाटत होती म्हणून. मी चौदा वर्षांची. बाबा म्हणाले, माझ्याच्याने होत नाही. कागदाप्रमाणे इसार बुडाला होता, बाबांनी तो मागितलाच नाही. मालकांनी कागद काढला, वाचला, आणि फाडला. म्हणाले, 'पोरं आहेत तुम्हाला.' आणि आत जाऊन सगळे पैसे आणून दिले. सगळे. त्या पैशांवर आपण दोन वर्षं काढली, बाबांना इस्पितळात फर्निचर दुरुस्तीची नोकरी लागेपर्यंत."

"आधी का नाही बोललीस? वर्षभर मी कोर्टात..."

"बाबांनी सांगितलं होतं, धाकट्याला कळू देऊ नकोस. आणि तू इतका खुशीत असायचास फोनवर. टाकी काय, उजेड काय. मला वाटायचं, पुढच्या वेळी बोलू."

ही उठली, ताईजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. हिच्या कुंड्या मोजल्या. सतरा आहेत. इतक्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

२१ सप्टेंबर

ज्या माणसाला मी चोपन्न वर्षं मनात शिव्या घातल्या, त्याचा चेहरासुद्धा मला आठवत नाही.

बाबांचा राग येतोय का, ते बघत होतो. येत नाही. लाज वाटते म्हणून पोरीला बरोबर घेऊन जाणारे बाबा मला माहीतच नव्हते. माझे बाबा फक्त खुर्चीच्या भोकांतून दिसणारी एक हनुवटी होते.

हिला विचारलं, "तुला त्या घरात जायचं होतं का गं?"

"दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलंत," ही म्हणाली. मग कुंड्यांकडे बघत, "नाही."

२५ सप्टेंबर

वकीलबाईंना सांगितलं, तडजोड करायची. खरेदीखत नको, इसार आणि हप्ता परत, साठेखत रद्द. पेनाचं टोपण हातातून पडलं त्यांच्या. "काका, निकाल खिशात आहे! शंभरात दहा लोकांना असा निकाल मिळतो."

"मी तयार आहे," म्हटलं, "पण राजी नाही."

त्यांनी वाकून टोपण उचललं. "तुमची ती अडीच पानं अजून माझ्याकडे आहेत," म्हणाल्या. आणि मग लगेच, "फी मात्र परत मिळणार नाही हं."

९ ऑक्टोबर

आज कोर्टात तडजोड दाखल झाली. नोंदणी कार्यालयात साठेखत रद्द केल्याचा दस्तही झाला. कारकुनाने विचारलं, रद्द करण्याचं कारण? वकीलबाईंनी सांगितलं, "उभयतांच्या संमतीने, असं लिहा."

बाईंनी नवा चेक आणला होता, एकवीस महिन्यांच्या व्याजासकट. मी म्हटलं, व्याज नको. तर भर कार्यालयात मला झापलं. "व्याज म्हणजे मेहेरबानी वाटली की काय तुम्हाला? ते गणित आहे." मुकाट्याने घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर म्हणाल्या, "हे तुम्ही का केलंत, मी विचारत नाही."

"नका विचारू. मोठं आहे सांगायला."

"यांना काहीच कळलं नाही, तेवढं एक बरं झालं. आज सकाळी निघताना मात्र काय लहर आली कुणास ठाऊक. म्हणाले, तुझे ते लिफ्टवाले भेटले तर माझा नमस्कार सांग. मी म्हटलं, मी बँकेत चाललेय, ते कुठे भेटणार मला?"

आम्ही दोघंही हसलो. म्हातारा खरंच गमतीदार आहे.

१२ ऑक्टोबर

ताईकडे गेलो होतो, एकटाच. सगळं सांगितलं. ती ऐकत शेंगा सोलत होती, मग थांबली. मी विचारलं, "मालकाकडून परत आलात त्या दिवशी काय झालं? वाटेत बाबा काही बोलले का?"

"नाही बोलले. नदीच्या पुलापर्यंत एक अक्षर नाही. मी घाबरले होते, वाटलं आता काय करतायत कोण जाणे. मग पुलावर मधोमध थांबले. म्हणाले, 'चला, आता आपल्याला कुठेही राहता येईल.' आणि शीळ घालायला लागले. बाबांना शीळ येते हे मला तोवर माहीत नव्हतं. एकच ओळ, परत परत, बेसूर."

"मी कुठे होतो? आईजवळ?"

"आईजवळ कुठला? तू आमच्याबरोबरच होतास की. हट्ट करून आला होतास, आणि मालकांच्या ओसरीवरच झोपलास. येताना सगळा वेळ बाबांच्या खांद्यावर. बाबा शीळ घालत होते आणि तुझं डोकं इकडून तिकडे हलत होतं."

मला त्यातलं काहीच आठवत नाही. पूल नाही, शीळ नाही, खांदा नाही. डोळे मिटून पाहिलं, तरी काही नाही.

ताईला म्हटलं, परत सांग. मालकांच्या दारातून निघालात तिथपासून.